मुश्ताकचा शुक्रवारचा स्क्रॅच

हल्ली शुक्रवारी दुपारी मला गाढ झोप लागते. याबद्दल माझी गंभीर तक्रार आहे.

ती नोंदवायची कुठे, ते कळत नाही. महापालिका आवाजाची तक्रारही धड घेत नाही, शांततेची काय घेणार?

भिवंडीबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्या गल्लीत आठवडाभर लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हलत असतं. शुक्रवारी लूम बंद. जेवावं आणि आडवं व्हावं, अशी हक्काची ती एकच दुपार.

आणि तीच दुपार समोरच्या माळ्यावरून मुश्ताक खायचा.

मुश्ताक माझा शाळेपासूनचा दोस्त. खाली त्याचे लूम, वर घर.

पन्नाशीनंतर माणसं शुगर तपासून घेतात. याने टर्नटेबल घेतलं. लग्नात वाजवणारा एक डीजे लॅपटॉपवर गेला, त्याचं जुनं मशीन याने उचललं.

"स्क्रॅच शिकतोय," म्हणाला. म्हणजे एका हाताने फिरती रेकॉर्ड मागेपुढे ढकलायची आणि दुसऱ्या हाताने सरकपट्टी हलवून आवाज कापायचा. रेकॉर्डखाली घालायची गोल चकती त्याने आपल्याच लूमच्या कापडाची कापली होती. रेडीमेड घेणं हा त्याला धंद्याचा अपमान वाटायचा.

पहिले काही महिने एकच आवाज.

विकी-विकी. विकी-विकी.

मी खिडकीतून ओरडलो, "अरे, त्या कोंबडीला उचकी लागलीय, पाणी पाज!"

तिकडून उत्तर आलं, "तुझ्या फेसबुकच्या पोस्टमध्ये तरी कुठे व्हरायटी असते, सुध्या? रोज तेच खड्डे, तेच नगरसेवक. मी काय बोललो का?"

मी खिडकी लावून घेतली.

मग एका शुक्रवारी त्याने मला वर बोलावलं. त्याची मुलगी सना फोनवर शिकवणीचा व्हिडिओ लावून बसली होती. इंग्रजी ऐकायची आणि बापाला मराठीत सांगायची.

"अब्बा, तो सांगतोय रोज नवीन स्क्रॅच शोधू नका. येतो तोच घ्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कधी लांब, कधी आखूड. कधी परत येतानाचा आवाज कापा. कधी हात मध्येच थांबवा."

लांब-आखूड जमलं. आवाज कापणंही जमलं.

थांबणं जमेना.

"अब्बा, मध्ये थांबा!"

"थांबतोय ना!"

"कुठे थांबताय?"

खरंच थांबत नव्हता. लूममधला आडवा धागा नेणारा धोटा जातो तसा त्याचा हात या टोकाहून थेट त्या टोकाला जायचा. काहीही वाजवलं तरी शेवटी लूमच वाजायचा.

त्याने रेकॉर्डवरचा हात काढला.

"सुध्या, लूम मध्येच थांबला म्हणजे धागा तुटला. आयुष्यभर तेच. थांबला की पळत जायचं. हात घाबरतो रे माझा."

मी काहीतरी खवचट बोलणार होतो. तेवढ्यात तोच म्हणाला, "आणि थांबला की नाय, ते मला कळत पण नाय. बारीक आवाज गेलेत माझे."

सनाने व्हिडिओ बंद केला.

लूमच्या खडखडाटाने त्याचे कान खाल्ले होते. डॉक्टरने सांगितलं होतं, बारीक आवाज गेले, आता बाकीचेही हळूहळू जातील.

"जायच्या आधी एक तरी चीज वाजवायचीय. लूमसारखी नाय. माझ्यासारखी. तू माझा चेकर हो."

चेकर म्हणजे विणलेलं कापड तपासणारा माणूस. शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे सगळी भाषा हाताची. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. पंजा पुढे धरून पालथा केला की माल पास.

"थांबल्यासारखं वाटलं तर खिडकीतून हात पालथा कर. आणि खोटा पास केलास ना, तर दोस्ती खतम."

त्यानंतर शुक्रवारी जेवलो की मी खिडकीत.

"झोपा की जरा," बायको म्हणायची.

"ड्युटीवर आहे."

तो वाजवायचा आणि वर बघायचा. मी नाही म्हणून मान हलवायचो. तो शिवी द्यायचा. ओठांवरून कळायची. पुन्हा वाजवायचा.

एका शुक्रवारी मी पडघ्याला मेव्हण्याकडे गेलो होतो. संध्याकाळी फोन आला.

"होतास कुठे?"

"का? काय वाजवलंस?"

"फोनवर नाय सांगत. पुढच्या शुक्रवारी खिडकीत बस."

बुधवारी सकाळी मी दाढी करत होतो. समोरचे लूम एकदम थांबले. सगळे.

शुक्रवार नव्हता. लाइट गेली नव्हती. माझा हात गालावर तसाच राहिला.

मुश्ताक शेडमध्येच कोसळला होता. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

आज शुक्रवार. त्याच्या चाळिसाव्या दिवसाची फातेहाही होऊन गेली. दुपारी सना फोन घेऊन घरी आली.

"काका, हे अब्बांनी तुमच्यासाठी ठेवायला सांगितलं होतं."

व्हिडिओत मुश्ताक. लांब. आखूड. एक कापलेला. मग हात पुढे निघाला आणि अर्ध्यावर

थांबला.

घाई नाही, भीती नाही. मग उरलेलं अंतर आरामात गेला.

त्याने ते पुन्हा केलं. रेकॉर्डवरून हात काढला आणि वर पाहिलं. थेट माझ्या खिडकीकडे.

बराच वेळ बघत राहिला.

"नाय आज चेकर," तो सनाला म्हणाला, आणि व्हिडिओ संपला.

सनाने विचारलं, "हात थांबला होता ना, काका? मी हो म्हटलं होतं. पण ते म्हणाले, तू मुलगी आहेस, तू हो म्हणणारच."

मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. डोळे मिटून ऐकला. खोटा पास करायचा नव्हता.

मग उठलो, खिडकी उघडली. समोरचा माळा बंद होता. हात बाहेर काढला, पंजा पुढे धरला आणि पालथा केला.

माल पास, मुश्ताक.