चपला कुणाच्या?

आधीच सांगते, देवाला मी रोज हात जोडते, पण कौल-बिल या प्रकारावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा...

साल १९८५. घाटकोपर पश्चिमेला, टेकडीवरच्या चाळीत काका-काकींकडे राहून मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. त्यात एक मजेशीर प्रश्न असायचा. आधी उतारा, खाली निष्कर्ष. उताऱ्यातली माहिती खरी धरायची आणि निष्कर्षापुढे लिहायचं — निश्चित खरा, बहुधा खरा, माहिती अपुरी, बहुधा खोटा किंवा निश्चित खोटा. यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मला त्याची घमेंडही होती!

काका कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर ते एका सकाळी न सांगता निघून गेले. सहा महिन्यांनी आमच्या एका गाववाल्याला पवई तलावाच्या काठावर चपला सापडल्या. डावीच्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला, अगदी काकांच्या चपलेला होता तसा. काकीला एकदम धक्का नको म्हणून ओळखायला मला बोलावलं. मी एका नजरेत सांगून टाकलं, "काकांच्याच."

झालं! काका बुडाले, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही मनातल्या मनात 'बहुधा खरा'वर खूण केली. आता काकीने मंगळसूत्र उतरवायचं आणि काकांचे दिवस करायचे, एवढंच बाकी होतं. पण काकी अडून बसली. "देवाक इचारल्याशिवाय मी कायएक उतरवचंय नाय."

चाळीमागे गाववाल्यांनी बांधलेलं छोटं देऊळ होतं. रविवारी सकाळी गुरवाने कौल लावायला देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "म्हाराजा, हिचो घोव बुडालो काय?"

पाऊण तास झाला तरी एकही पाकळी हलेना. मला हसू आवरेना — देवसुद्धा म्हणतोय, माहिती अपुरी!

तेवढ्यात काकी उठली. "थांबा. आधी ह्या इचारा, ह्यो चपलो त्येंच्योच आसत काय?"

गुरवाचं विचारून होतंय न होतंय तोच डावी पाकळी टपकन पडली.

दिलेली माहिती खरी धरायची मला इतकी सवय लागली होती... आणि ही माहिती तर मीच दिली होती!

काकीने मंगळसूत्र उतरवलं नाही. लोक बोलले, तिने ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी एका दुपारी काका दारात उभे. गुजरातेत बर्फाच्या कारखान्यात राबत होते. "काम गेला, खंयच्या तोंडान रवणार हंय?" म्हणाले. काकी रडली, मग त्यांना यथेच्छ झापलं. माझं लक्ष मात्र त्यांच्या पायांकडे होतं. घरून घालून गेलेल्याच चपला, डाव्या टाचेला टायर.

नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतं, हे मलाही कळतं. पण पाऊण तास न हललेली पाकळी नेमकी त्याच प्रश्नाला कशी पडली? आणि तो प्रश्न काकीला सुचला कसा? ती म्हणायची, "माका काय ठावक? तोंडातसून भायर पडलो."

पवईच्या त्या चपला तिने कधीच टाकल्या नाहीत. काका आले त्या संध्याकाळी तिने त्या पुसल्या, शेजारी दिवा लावला आणि मला विचारलं, "गो, ज्याच्यो ह्यो चपलो, त्याची बायल अजून वाट बघत आसात काय?"

परीक्षा मी पास झाले होते. तरी पाचांतल्या एकाही पर्यायावर खूण न करता मी दिव्यात थोडं तेल घातलं.