अर्जीमामी माहेरी गेल्या

अर्जीमामींच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी होतं. भाजी शिजला, गाय आला, सासूबाई देवळात गेला, आणि त्या स्वतःही "मी येतो" म्हणूनच घराबाहेर पडत. जबलपुरातल्या चेरीतालच्या आमच्या गल्लीत नवा माणूस आला की आधी त्या उंच, निळ्या डोळ्यांच्या, सुती साडी नेसलेल्या बाईंकडे बघतच राही. मग त्या "काहून भैया, कोणाकडे आला?" असं विचारत आणि तो बिचारा कोणाकडे आलोय हेच विसरून जाई.

"आमच्या हंगेरीत तो अन् ती असं काही नसतेच," त्या समजावून सांगत. "माणूस म्हणजे माणूस. तुम्ही तर खुर्चीलाही बाई करून ठेवलं. काहून? त्या खुर्चीला काय फरक पडते?" त्यांच्या सासूबाईंनी सुरुवातीला बरीच वर्षं नेटानं शिकवणी घेतली. चमचा तो, वाटी ती, ताट ते. पण झालं उलटंच. एके दिवशी सासूबाईच अंगणातून ओरडल्या, "अगं, दूधवाला आला, म्हैस पण आला!" आणि मग दोघी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यानंतर ती शिकवणी बंद पडली.

श्रीमामा माझ्या आईचे मानलेले भाऊ आणि आमचे शेजारी. तरुणपणी सरकारी शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला हंगेरीला गेले आणि परत येताना मामींना घेऊन आले. मामींचं गाव सेगेद, तिसा नदीच्या काठचं. नाव एर्झी. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या म्हणे, "अर्जी? अर्जी तर दफ्तरात देतात!" पण तेच नाव चिकटलं. मामींनाही ते आवडायचं. "माझा अर्जी मंजूर झाला," असं त्या लग्नाबद्दल सांगत.

आल्या आल्या त्यांना कळलेला पहिला शब्द 'जेब'. बाजारात कोणीतरी मामांना हिंदीत "जेब सँभालो" म्हणालं आणि मामी भर रस्त्यात आनंदानं ओरडल्या, कारण त्यांच्या भाषेतही खिशाला जवळपास तेच म्हणतात. "एवढ्या दूर आलो अन् माझा शब्द माझ्या आधी येऊन बसला होता!" हा किस्सा त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला निदान दोनदा तरी सांगितला असेल. जिथे आपला एक शब्द भेटतो तिथे परकं वाटून घ्यायचं कारण नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या नदीकाठी वाढलेल्या. आमच्या बायका नर्मदेच्या ग्वारीघाटावर तीन डुबक्या मारतात आणि कोरड्या पदरानं डोकं पुसत वर येतात, पोहायला मात्र एकीलाही येत नाही, हे त्यांना समजेना. त्यांनी गल्लीतल्या आम्हा मुलींना पोहायला शिकवायचं ठरवलं. घरोघरी विरोध झाला. माझे वडील म्हणाले, "वहिनी, पोरीच्या जातीला हे शोभत नाही." मामी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "नर्मदेला आई म्हणता ना भाऊजी? मग आईच्या मांडीवर पोरगा बसला तर काय बिघडते?" पोरगा म्हणजे मी. वडिलांना हसू आलं, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. हिवाळ्यातल्या रविवारी सलवार-कुर्त्यात, कुडकुडत, मामींच्या तळहातावर पोट टेकवून मी हातपाय मारायला शिकले. तो तळहात कधी काढून घेतला ते कळलंच नाही. मागे वळून पाहिलं तर मामी लांब उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

मामी इथे टिकणार नाहीत, असं लोक पहिल्या दिवसापासून म्हणत. मे महिन्यात म्हणत, उन्हानं जाईल. दिवसदिवस लाइट नसायची तेव्हा म्हणत, आता जाईल. भूकंपात त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत पडली आणि माहेराहून वडिलांचा फोन आला, परत ये. मामींनी अंगणात विटांची चूल मांडली होती. तिच्यावरचं पातेलं ढवळत त्या माझ्या आईला म्हणाल्या, "भिंत पडला तर भिंत बांधतात. देश काय सोडतात?" श्रीमामा गेले तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच झाली. मुलगा आनंद बंगळुरूला नोकरीला होता, घरात सासू-सून दोघीच उरल्या. तेराव्याला आलेले नातेवाईक आडून आडून विचारायला लागले, तेव्हा मामी सरळ म्हणाल्या, "मी नवऱ्याबरोबर आलो, पण नवऱ्यासाठी राहिलो नाही. माझा घर आहे हा."

आणि त्या राहिल्याच. सासूबाईंचं शेवटचं वर्ष मी जवळून पाहिलं. त्या उभा जन्म जबलपुरात राहिलेल्या. शेजाऱ्यांशी, भाजीवाल्याशी खणखणीत हिंदी बोलणाऱ्या. पण त्या वर्षी त्यांची हिंदी हळूहळू पुसली गेली. उरली ती लहानपणची वऱ्हाडी मराठी. सांभाळायला फूलमती नावाची सिहोराकडची बाई ठेवली होती. मायाळू होती, पण मराठीचं अक्षर तिला कळत नसे. एकदा ऐन थंडीत सासूबाई तिला सारख्या सांगत होत्या, "ऊन पाहिजे मले, ऊन." हिंदीत ऊन म्हणजे लोकर. फूलमतीनं एक शाल घातली, मग दुसरी, मग स्वेटर, मग कपाटातली गोधडीही आणली. सासूबाई आत गुदमरून रडायला लागल्या. तेवढ्यात मामी बाजारातून आल्या. मीही त्यांच्याबरोबर होते. त्यांनी पिशवी तिथेच टाकली, फूलमतीला दुसरी बाजू धरायला लावली आणि सासूबाईंसकट खाट उचलून अंगणात, उन्हात नेऊन ठेवली.

"फूलमती का कोई दोष नहीं," त्या सासूबाईंच्या अंगावरचे लोकरीचे थर काढत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पाहिलंस? शेवटी माणूस आपल्या आईच्या भाषेत परत जाते. बाकीच्या भाषा भाड्याच्या."

त्या दिवसापासून मामी सासूबाईंना सोडून कुठे गेल्या नाहीत. चेरीतालातल्या एका मराठी म्हातारीचं म्हणणं हंगेरीची बाई जबलपूरच्या डॉक्टरांना हिंदीतून समजावून सांगत होती. सासूबाई गेल्या त्या मामींचा हात धरून, माहेरच्या विहिरीवरच्या कुठल्याशा चिंचेबद्दल बोलत. मामी "हो, लय आंबट होता ना तो चिंच" असं म्हणत होत्या.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग एका सकाळी कणीक मळताना मामींच्या हातातून परात पडली. आवाज ऐकून मी धावले तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं. समोरच्या तिवारीजींनी गाडी काढली आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, झटका छोटा आहे.

दुपारी त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "वीज."

मी म्हटलं, "आहे ना मामी, लाइट आहे. पंखा चालू आहे."

त्यांनी मान हलवली. "वीज... वीज..."

नर्सला मी सांगितलं, त्या बिजली म्हणताहेत. ती म्हणाली, "गर्मी लग रही होगी," आणि तिनं पंखा वाढवला. मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मला ओळखत होत्या, नक्की ओळखत होत्या. पुन्हा तोच शब्द, या वेळी चिडून, मग अगदी बारीक आवाजात, लहान मुलासारखा. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मी दिवे लावले, विझवले, खिडकीचा पडदा सरकवला. शेवटी त्यांनी चालता हात कसाबसा उचलला आणि शेजारच्या खाटेजवळच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

पाणी. त्यांच्या भाषेत पाण्याला 'वीझ' म्हणतात. नर्सनं डॉक्टरांना विचारून चमच्यानं थोडं थोडं पाणी पाजलं.

दोन-चार दिवसांत मराठी परत आली, हिंदीही आली. आठवड्याभरात मामी "हा डाळ आहे की पाणी?" म्हणून दवाखान्याच्या जेवणाला नावं ठेवू लागल्या, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. आम्हाला वाटलं, संकट टळलं.

महिन्याभरानं त्यांनी मला चहाला बोलावलं. कप पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मी सेगेदला चाललो. कायमचा."

मी कप तसाच मागे सरकवला. त्याच म्हणाल्या, "रागावून नाही जाऊन राहिलो बरं. कंटाळूनही नाही. तिथे मग्दी आहे, माझा लहान बहीण. एकटाच राहते. भांडखोर आहे, पण माझ्या भाषेत भांडते."

"आनंदकडे जा ना," मी म्हटलं.

"आनंद लाखातला पोरगा आहे. पण त्याला मी हंगेरियन नाही शिकवला. बाहेर हिंदी, घरात मराठी, शाळेत इंग्रजी. म्हटलं, लेकराच्या डोक्यावर आणखी ओझं काहून टाकू?"

"मग आम्ही शिकतो तुमचे शब्द. मी शिकते. आजपासून." मला रडू येत होतं.

मामींनी माझा हात धरला. "पाणी शिकशील. दुखते, भूक लागला, हे पण शिकशील. हुशार आहेस. पण म्हातारा माणूस फक्त पाणीच मागते का? सासूबाई काय बोलत होता शेवटी? चिंच. विहीर. मी तसंच काही बोललो, माझ्या आईचं, आमच्या नदीचं, तर तू खाटेजवळ बसून रडशील. मला रडणारा नाही पाहिजे. हो, आठवते, असं म्हणणारा पाहिजे. सासूबाईला मी मिळालो. मला मग्दी मिळेल."

इतकी वर्षं लोक त्यांच्या जाण्याची कारणं शोधत होते. ऊन, धूळ, भूकंप, वैधव्य. त्यातलं एकही कारण त्यांना हलवू शकलं नव्हतं. पण उद्या आपल्याला काय लागेल हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आणि हातपाय चालताहेत तोवर स्वतःच निघायचं ठरवलं. आपल्या म्हातारपणाकडे इतकं सरळ बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गल्लीनं मात्र आपापल्या परीनं अर्थ लावले. कोणी म्हणालं, मुलानं विचारलं नाही. कोणी म्हणालं, पासपोर्टाची भानगड असेल. आमच्या आईला वाटलं, शेवटी रक्त ओढतंच. तिवारीजी तर हात जोडून दारात उभे राहिले. "भाभीजी, हमसे कोई गलती हो गई क्या?"

"गलती नहीं भैया," मामी म्हणाल्या, "आप लोगों ने इतना अच्छा रखा कि मैं अपनी बोली ही भूल गई थी. अब याद आ रही है, तो जाना पड़ेगा." हिंदीत त्या कधी चुकत नसत. पुल्लिंगाचा हट्ट फक्त मराठीपुरता, घरच्या माणसांसाठी होता, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

आनंद त्यांना पोचवायला जाणार होता. त्यांनी नेण्यासाठी फार काही घेतलं नाही. काही सुती साड्या, मामांचा फोटो, आणि दोन किलो तुरीची डाळ, कारण मग्दीला वरण म्हणजे काय ते एकदा कळायला हवं. स्टेशनवर सगळी गल्ली आली होती. कोणी खव्याची जिलेबी आणली, कोणी प्रसाद. मामी डब्याच्या दारात उभ्या होत्या. गाडी हलली तशी त्यांनी वाकून माझ्या गालावर थापटलं आणि म्हणाल्या, "रडू नको. लेकी माहेरी जातात तेव्हा कोणी रडते का?" त्यांचे स्वतःचे डोळे मात्र वाहत होते.

आता आठवड्यातून एकदा आमचं फोनवर बोलणं होतं, चेहरा दिसेल असं. मराठी थोडी गंजली आहे. शब्द शोधायला वेळ लागतो. मध्ये एकदा त्यांना 'उंबरठा' आठवेना, तर दाराकडे बोट दाखवून दाखवून दमल्या. मी सांगितल्यावर म्हणाल्या, "जाऊन राहिला हळूहळू. जाऊ दे. तू ठेव सांभाळून."

गेल्या रविवारी असाच फोन चालू होता आणि मागून मग्दी आली. काहीतरी म्हणाली. मामींनी मान वळवून उत्तर दिलं. तिनं हात झटकून काहीतरी नाकारलं आणि मग जी जुंपली! मामी भरभर, धडाधड बोलत सुटल्या, मध्येच कोणाची तरी नक्कल केली, मग्दीनं ओरडून ती दुरुस्त केली आणि दोघी टेबलावर हात आपटून हसायला लागल्या. फोन चालू आहे हे मामी विसरूनच गेल्या होत्या.

मला एक अक्षर कळत नव्हतं. मी फक्त पाहत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, मामी मुळातच सावकाश, तोलून बोलणाऱ्या. त्या आमच्याशी बोलताना आयुष्यभर एकेक शब्द उचलून आणत होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांची आई ज्या एर्झीला ओळखत होती, ती ही. वाचाळ, खोडकर, जिभेवर ताबा नसलेली. मी तिला पहिल्यांदाच भेटत होते.

मी हाक मारली नाही. आवाज न करता ऐकत बसले.