बाबांचे चोवीस सैनिक

मंडळी, आज मिरवणार आहे, ऐकूनच घ्या!

आम्ही काही आयटीवाले रविवारी कोथरूडला टेबलावर नेपोलियनच्या लढाया खेळतो. बोटाच्या पेराएवढे, हातानं रंगवलेले सैनिक आणि निकाल फाशांवर. माझे सासरे, म्हणजे बाबा, त्यांना 'बाहुल्या' म्हणतात. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर "डोळे तपासतो" म्हणत त्यांनीच माझे चोवीस सैनिक रंगवले. अगदी बटणांसकट.

आमच्यात समजूत आहे की नवी रंगवलेली तुकडी पहिल्याच लढाईत पळते. म्हणून आज मी ती मागे ठेवत होते.

बघायला आलेले बाबा म्हणाले, "मग काय शोकेससाठी रंगवली?"

ठेवली पुढे. समोरच्या घोडदळानं तीनदा हल्ला केला. तीनदा मी बाबांकडे न बघता फासे टाकले. तुकडी जागची हलली नाही आणि मी जिंकले!

"काका, तुमचे सैनिक पळाले कसे नाहीत?" हरलेल्या मित्रानं विचारलं.

"बुटांचा रंग ओला आहे अजून, चिकटून बसलेत."

येताना स्कूटरवर त्या सैनिकांचा डबा बाबांनी डिकीत ठेवू दिला नाही. घरापर्यंत पोटाशी धरून बसले.

बाहुल्या म्हणे! तुमच्या घरी कोण आहे असं?