ओट्यावरची उदबत्ती

एकलहऱ्याच्या वसाहतीत माझ्या शेजारी वीजकेंद्रातला एक फिटर राहत असे. रविवारी तो गोदावरीतून मासे धरून आणी आणि परसातल्या नळाखाली साफ करी. वास थेट माझ्या देवघरात येई. मी त्याला स्पष्ट सांगितले, "हे थांबले नाही, तर कार्यालयात तक्रार देईन."

"आठ दिवस द्या, साहेब. ओटा बांधतो. वास आला तर तुमच्यासमोर फोडतो."

तो कमी बोले आणि घाई कधीच करीत नसे. पहिले पाच दिवस त्याने परसात जागोजागी उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहिले. त्याची बायको हसे. "लोकं देवाला लावतात, आमचे हे माशांना लावतात!"

मग लांबच्या कोपऱ्यात त्याने कमरेइतका उंच ओटा बांधला, वर उतार देऊन कडप्पा बसवला आणि पाणी केळीच्या आळ्यात सोडले. खवले तो तिथेच पुरी.

"वास येतो का, साहेब? भीड नका ठेवू."

"नाही," मी म्हणालो. दोष काढण्यासारखे काहीच नव्हते.

तरीही दर रविवारी तो आधी ओट्यावर उदबत्ती लावी. थंडीतल्या एका रविवारी धूर माझ्या खिडकीकडे वळला. त्याने माशांची पाटी उचलली.

"कुठे निघालात?"

"नदीवर. आज वारा तुमच्याकडं हाय."

नदी अर्ध्या तासाच्या वाटेवर होती. मी देवघराची खिडकी लावून घेतली आणि दारातून म्हणालो, "इथेच करा. ओटा कशासाठी बांधला आहे?"