अकरा पंधराची बस

डेपोत त्यांना सगळे घड्याळराव म्हणत, आणि ते नाव त्यांना मनातून आवडायचं. एकोणीस वर्षं त्यांनी विमानतळ ते बंदर ही एकच बस चालवली. एवढ्या वर्षांत त्यांच्या सेवापटावर उशिराचा एक शेरा पडला नव्हता. बंदराचा फाटकवाला त्यांची बस वळणावर दिसली की जेवणाचा डबा उघडायचा. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. कोरा सेवापट घेऊन घरी जायचं, एवढी एकच हाव त्या माणसाला होती.

बस साधी, सरकारी. मधली चार बाकडी काढून तिथे त्यांनी वर्कशॉपच्या फिटरकडून आडव्या नळ्या ठोकून घेतल्या होत्या, म्हणजे सूटकेसा वळणावर लोळत नसत. प्रवासी जहाजाला जाणारी बस म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, सगळे पैसेवाले असणार. पैसेवाले या बसने येतच नाहीत. या बसने येतात ती माणसं वर्षानुवर्षं थोडं थोडं बाजूला टाकून जहाजाच्या सगळ्यात खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली खोली घेतात. समुद्र बघायला त्यांना चार जिने चढून वर यावं लागतं. त्यांच्या बॅगांना दोरी बांधलेली असते, नाहीतर लाल कापडाची चिंधी, म्हणजे पट्ट्यावर लांबून ओळखू येते.

हिशोब सोपा होता. सकाळचं विमान उतरायचं दहा चाळीसला. बॅगा पट्ट्यावर यायला अकरा पंचवीस. बस सुटायची अकरा चाळीसला, बंदरावर साडेबाराला. जहाजाचं फाटक बंद व्हायचं एक वाजता. कुणीतरी शहाण्या माणसाने कधीकाळी हे बसवलं होतं आणि ते झऱ्यासारखं आपोआप वाहत होतं.

मग वरच्या कार्यालयातून पत्र आलं. ‘फेऱ्यांचे सुसूत्रीकरण’ असा मथळा. अकरा चाळीसची बस यापुढे अकरा पंधराला सुटेल. पुढची सव्वा वाजता.

घड्याळरावांनी पत्र दोनदा वाचलं. त्याच आठवड्यात विमानतळाच्या दालनात, बॅगांच्या पट्ट्यासमोरच, एका खाजगी व्हॅनवाल्या कंपनीने चकचकीत टेबल मांडलं होतं. ‘थेट जहाजापर्यंत’ असा फलक. भाडं बसच्या तिकिटाच्या वीसपट. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. असल्या गोष्टी लिहून ठेवत नाहीत.

“आपल्याला काय करायचंय,” डेपोतला एक जण म्हणाला. “घड्याळ पुढे झालं, घड्याळराव पुढे झाले.”

आणि खरंच, पहिल्या दिवशी ते अकरा पंधराला निघाले. बसमध्ये तीन माणसं, त्यातली दोन विमानतळावर झाडू मारून घरी चाललेली. दार मिटलं, बस हलली, आणि आरशात एक बाई दिसली. साठीच्या पुढची. विमान त्या दिवशी दहा मिनिटं आधी उतरलं होतं आणि पट्ट्यावर तिच्या बॅगा पहिल्याच आल्या होत्या. दोन्ही हातांत दोन सूटकेसा, एकीचं चाक तुटलेलं, ती फरफटत येणारी. तिने हात वर करायला एक सूटकेस खाली ठेवली. तो हात घड्याळरावांनी पाहिला. थांबायचं नाही हा त्यांचा एकोणीस वर्षांचा धर्म. ते थांबले नाहीत.

दुपारी सव्वाची बस घेऊन ते बंदरावर पोचले तेव्हा ती बाई त्याच बसमधून उतरली. दोन वाजून गेले होते. फाटक बंद. जहाज धक्क्यापासून सुटलेलं, इतकं मोठं आणि इतकं सावकाश, की वाटावं शहरातला एखादा मोहल्ला निघून चाललाय. बाईने तुटक्या चाकाची सूटकेस आडवी केली आणि तिच्यावर बसली. रडली नाही. घड्याळराव जवळ गेले, कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“तुम्ही आरशात पाहिलंत ना मला?” तिने विचारलं.

“बाई, वेळ झाली होती.”

“ते नाही विचारलं मी. पाहिलंत ना?”

“पाहिलं.”

“बरं,” बाई म्हणाली आणि जहाजाकडे बघत राहिली. मग आपल्याशीच म्हणाली, “बहिणीबरोबर जायचं होतं. ती वेगळ्या विमानाने आली, पहाटे. ती आत आहे.”

त्या संध्याकाळी घड्याळराव घरी आले ते धुमसत. त्यांची बायको घरीच कपडे शिवायची. जुन्या शिलाईमशीनवर ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर लावत होती. तिने पाय थांबवला नाही.

“आज चेहरा असा का? बस चुकली का कुणाची?”

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, हात, सूटकेस, बहीण. बोलताना त्यांचा आवाज चढत गेला, वरच्या कार्यालयावर, त्या व्हॅनवाल्यांवर, सुसूत्रीकरण हा शब्द शोधून काढणाऱ्यावर. बायकोने दोरा तोडला.

“ते सगळे नालायक आहेत, मान्य. पण बस कोण चालवत होतं?”

“मी नियमाने गेलो.”

“मग नियमालाच विचारा ना आता काय करायचं. आहे की घरात.” तिने खाली बोट दाखवलं.

मशीनचा एक पाय आखूड होता. नोकरीला लागताना मिळालेलं चालकांचं नियमपुस्तक गेली कित्येक वर्षं त्या पायाखाली होतं. घड्याळरावांनी मशीन उचलून ते काढलं. पुठ्ठ्यावर पायाचा गोल खळगा पडला होता. रागातच त्यांनी पानं उलटली आणि चौथ्या पानावर ते अडकले. प्रत्येक फेरीपूर्वी चालकाने करावयाच्या तपासण्या, एकूण सत्तावीस. टायर, दिवे, वायपर, दाराचं रबर, अपंगांसाठीची उतरती फळी, आग विझवायची नळकांडी तारखेसह, हवेचा दाब. खाली ठळक अक्षरांत: तपासणी पूर्ण झाल्याखेरीज गाडी हलवू नये.

हा तक्ता त्यांच्या ओळखीचा होता. रोज एक कागद असायचा आणि रोज ते त्यावर सत्तावीस बरोबरच्या खुणा एका दमात करून टाकायचे, पेन न उचलता, पावसाच्या रेघांसारख्या. सगळेच तसं करायचे. एकोणीस वर्षांत एकदाही त्यांनी वाकून टायर पाहिला नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा त्यांचा राग जरा अडखळला, पण विझला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा पंधराला घड्याळराव गाडीतून खाली उतरले, चष्मा लावला आणि पहिल्या टायरपाशी गुडघे टेकून बसले.

सत्तावीस तपासण्या नीट केल्या तर पंचवीस मिनिटं लागतात. हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते तसं निघालं. दहाव्या तपासणीला दालनाची दारं उघडली, चौदाव्याला पहिली चिंधीवाली बॅग आली, सतराव्याला बस भरत आली. अकरा चाळीसला ते निघाले. डेपोने विचारलं, उशीर का? ते म्हणाले, पुस्तक बघा. डेपोने पुस्तक शोधलं. डेपोत पुस्तक नव्हतं.

असे अकरा दिवस गेले. व्हॅनवाल्यांच्या टेबलावरचा पोरगेलासा माणूस बाहेर येऊन सिगरेट ओढत त्यांच्याकडे बघत उभा राही. प्रवासी आपसात बोलत.

“ड्रायव्हर काय शोधतोय खाली?”

“काहीतरी हरवलं असेल.”

“गेली वीस मिनिटं?”

“म्हणजे मोठंच काहीतरी हरवलंय.”

बाराव्या दिवशी तपासनीस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, बोलायला गोड. “चालू द्या, घड्याळराव. मी फक्त वेळ लावतो.”

“लावा की, साहेब. माझ्या नावातच आहे.”

“नियम बरा सापडला तुम्हाला. सोयीचा.”

“गैरसोयीचे वर बसून तुम्ही काढता. सोयीचा एखादा आम्हाला असू द्या.”

बसमध्ये चौतीस माणसं चढली होती. नळ्यांमध्ये बॅगा छतापर्यंत रचलेल्या. सतरावी तपासणी आली: इंजिन बंद करायचं, ब्रेकवर पाय दाबून धरायचा आणि एक मिनिट हवेचा काटा बघायचा. काटा जागचा हलता कामा नये. अकरा दिवस हललेला नव्हता. घड्याळरावांनी पाय दाबला, आणि काटा उतरू लागला. घाई न करता, अगदी त्या जहाजासारखा.

त्यांनी पाय काढला, पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

तपासनीस बाहेर घड्याळाकडे बघत उभा होता. काटा कुणीच पाहिला नव्हता. बंदराच्या अलीकडे दीड मैलाचा उतार आहे, खाली वळण, वळणावर फाटकवाल्याची केबिन. गाडी बहुधा गेली असती. बहुधा. बाकी सगळ्यांसारखी बरोबरची खोटी खूण करायची आणि निघायचं, नाहीतर खाली उतरून सांगायचं. सांगितलं तर ही चौतीस माणसं त्या बाईसारखीच बॅगांवर बसणार होती, आणि या वेळी थांबवणारे ते स्वतः असणार होते. काल ज्या कागदाला ते हत्यार समजत होते तो आज त्यांच्याकडेच टोक करून उभा होता. आपण केलेल्या फसवणुकीचा घड्याळरावांना राग आला, वरच्यांच्या फसवणुकीचाही आला, आणि दोन्ही राग एकमेकांत इतके मिसळले की वेगळे करता येईनात.

ते उतरले. “साहेब, ब्रेकची हवा जातेय. गाडी हलणार नाही.”

तपासनीस हसला. “आजच? मी आलोय त्याच दिवशी? छान जमवलंत.”

घड्याळरावांनी तक्ता त्याच्यापुढे धरला. “मग लिहा. काटा उतरतो, तरी गाडी न्यावी. खाली तुमचं नाव, तुमची सही. आत्ता नेतो. पण तुम्ही पुढच्या बाकड्यावर बसायचं.”

तपासनिसाने पेन काढलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो स्वतः चालकाच्या जागेवर चढला आणि ब्रेक दाबून बसला. एक मिनिट फार मोठं असतं. खाली उतरला तेव्हा त्याचा गोडवा कुठल्या कुठे गेला होता. त्याने डेपोला फोन लावला.

नऊ मिनिटांत राखीव बस आली.

घड्याळरावांचं डोकं खरं फिरलं ते इथे. “एकोणीस वर्षं,” ते म्हणाले, आवाज न चढवता, “एकोणीस वर्षं आम्ही फोन केला की डेपोत राखीव बस नसते. टायर फुटला तेव्हा नव्हती. भर उन्हात पन्नास माणसं रस्त्यावर उभी होती तेव्हा नव्हती. नऊ मिनिटं, साहेब.”

“बॅगा हलवू या का आधी?” तपासनीस एवढंच म्हणाला आणि एक सूटकेस उचलली. मग दुसरी. चौतीस माणसांनी रांग केली, बॅगा हातोहात गेल्या. इस्त्रीच्या शर्टाला काखेत घाम फुटला.

“चला आता,” तो म्हणाला.

“हिची तपासणी?”

तपासनिसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. घड्याळरावांनी नव्या गाडीची सतरावी तपासणी तेवढी केली. सेकंद तपासनिसाने मोजले. काटा हलला नाही. तक्त्यावर त्यांनी एकच बरोबरची खूण केली आणि उरलेल्या सव्वीस चौकोनांवरून आडवी रेघ ओढून लिहिलं, ‘केल्या नाहीत’. त्यांनी भरलेला हा पहिला खरा कागद.

बंदरावर ते पोचले तेव्हा एकला सात मिनिटं कमी होती. चौतीस माणसं बॅगा ओढत फाटकाकडे धावली. “आज डबा गार झाला,” फाटकवाला म्हणाला आणि शेवटची बॅग आत जाईपर्यंत फाटकाला हात लावला नाही.

पुढच्या सोमवारी पत्र आलं. ब्रेकच्या दोषाची नोंद घेण्यात आली आहे, ही एक ओळ. त्याखाली तीन ओळी: फेरीस पन्नास मिनिटांचा विलंब, सबब सेवापटावर शेरा, सबब मार्गावरून कमी करून डेपोच्या धुलाई-आवारात बदली. वेळापत्रक होतं तेच राहिलं. व्हॅनवाल्यांनी दुसरं टेबल मांडलं.

घड्याळरावांनी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, घडी घातली, आणखी घडी घातली आणि मशीनच्या आखूड पायाखाली सारलं. मशीन तरीही डुगडुगलं.

“पातळ आहे,” ती म्हणाली. “अजून दहा-बारा पाठवायला सांगा. पुस्तक कुठेय?”

“दिलं.”

पुस्तक त्यांनी त्या मार्गावर आलेल्या नव्या ड्रायव्हरबाईला दिलं होतं. तिशीची होती, यापूर्वी दूधगाडी चालवायची. काहीही न विचारता तिने चौथं पान उघडलं, वाचलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं. ती काय करेल याचा अंदाज त्यांना लागला नव्हता. आवारात बसगाड्यांवर पाण्याची नळी धरून उभं राहताना ते अकराच्या पुढे मनगटाकडे बघायचं टाळत.

चौथ्या दिवशी साडेअकराला त्यांचा फोन वाजला.

“काका, सतराव्याला एकच मिनिट ना?”

त्यांनी नळी बंद केली. “एकच. किती माणसं झाली?”

“एकोणतीस. आणि दारातून एक म्हातारे बाबा येतायत, मोठी पेटी आहे, एकटेच ओढतायत.”

“दिसतायत तुला?”

“आरशात दिसतायत.”

“मग दोन मिनिटं मोज,” घड्याळराव म्हणाले.