बुजवलेली भोकं

गळका पाइप असो की फुटकी बादली, वेल्डरकाकांच्या हातून भोक सुटत नसे, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. एका म्हाताऱ्या शर्यतपटूनं आपल्या जुन्या, हलक्या रेसच्या मोटरसायकलची टाकी झाळायला दिली, तर काकांनी न विचारता ब्रेकच्या पट्टीतली भोकंही बुजवली.

गाडी न्यायला आलेला म्हातारा पट्टीवर बोट फिरवत राहिला.

"भोकं कुठं गेली?"

"बुजवली की! शोधून दाखवा."

"अहो, स्वतःच्या खर्चानं शर्यतीत उतरणाऱ्या आम्हा सगळ्यांना कंपनी सारखीच गाडी विकायची. माझी इतरांहून हलकी व्हावी म्हणून मी ही भोकं हातानं पाडली होती. असू दे, आता गाडीही माझ्यासारखी अंगानं सुटली!"

म्हातारा हसला. काकांना तोंड कुठं लपवावं कळेना. तो गाडी ढकलत निघाला, तेव्हा मदतीचा हात लावायचंही त्यांना धाडस झालं नाही.