न आटणारी शेळी

आमच्या मामीला किळस येत नाही अशी वस्तू अजून सापडायची आहे. ओलं पायपुसणं, दुसऱ्याच्या फणीतले केस, मामाचं बशीतून फुरके मारणं, सगळ्यालाच ती नाक मुरडते. अशा बाईने दुधाच्या शेळ्या पाळाव्यात हे आम्हा भाचरांना कधी उलगडलं नाही. गोठ्यात शिरताना नाकाला फडकं, बाहेर आल्यावर कोपरापर्यंत साबण. पण त्या किळसेपायीच तिचा गोठा आमच्या स्वयंपाकघरापेक्षा लखलखीत.

तिची चांदी नावाची शेळी भरपूर दुधाची. मागच्या वेताला हिची एका बाजूची कास दगडासारखी झाली. सडातून दुधाऐवजी पिवळ्या गुठळ्या आल्या. त्यांचं वर्णन मामी नेमकं आम्ही जेवायला बसल्यावर करायची. डॉक्टर म्हणाले, पार व्यायच्या दिवसापर्यंत पिळत राहिलात, तिला विसावा कुठे मिळाला? पुन्हा असं झालं तर ती बाजू कायमची जाईल आणि करडं उपाशी राहतील.

म्हणून यंदा चांदी गाभण राहिली तशी मामीने व्यायच्या दोनेक महिने आधीच तिला आटवायला घेतलं. खुराक बंद, नुसता वाळका चारा. शेवटची धार काढून सडांत औषध भरलं आणि हुकूम सुटला: आता कासेला कुणी हात लावायचा नाही. तटतटू दे, आतलं दूध अंगातच जिरतं. पिळलं की शरीराला वाटतं गिऱ्हाईक अजून आहे, आणि ते पुन्हा दूध करतं.

पण चांदी आटेना. सोबत आटवलेल्या इतर शेळ्यांच्या कासा सैल पडल्या, हिची भरलेलीच. मामीने चारा बदलला, मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, कुणी पिळतंय का? मामीला राग आला. आटत्या शेळीचं ते खारट, चिकट दूध कोण काढणार, असं म्हणून तिने त्यांना बोळवलं.

एका संध्याकाळी ती खराटा आणायला गोठ्यात गेली, तर गव्हाणीमागे मामा उकिडवा बसलेला. हातात पेला, मिशीला फेस.

"शी," मामी म्हणाली.

"ओरडत होती गं. जरा मोकळी केली."

"रोज?"

"रोजच ओरडते ना. आणि काढलेलं दूध सांडायचं कसं?" मामाने पेल्यात पाहिलं. "खारट लागतं खरं."

मामीने आधी जाऊन स्वतःच चूळ भरली. मग परत येऊन कास चाचपली आणि तिचा चेहरा उतरला. तीच जुनी बाजू गरम लागत होती, आत सुपारीएवढी गाठ.

पुन्हा डॉक्टर, पुन्हा औषध, आणि मामाला गोठाबंदी. तेव्हा कळलं की चांदी दुखतंय म्हणून कमी आणि मामाच्या पावलांची चाहूल लागून जास्त ओरडत होती. तो यायचा थांबला तशी ती गप्प झाली. हळूहळू कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबली. मामा मात्र दुखावला. चांदी आपली साधी आठवणही काढत नाही, म्हणाला.

चांदी व्याली तेव्हा मामीनेच त्याला हाक मारली. दोन करडं चिकट बुळबुळीत पडली होती. मामीने फडकं बाजूला टाकलं आणि त्या संशयित सडाची पहिली धार उघड्या तळहातावर घेतली. बोटांनी चोळून पाहिली, वास घेतला. मामा दारातच उभा. गुठळी नव्हती. दाट, पिवळाधमक चीक.

"ये," ती म्हणाली, "धाकटं याच बाजूला लाव."

मामाने करडू तसंच छातीशी धरून आणलं. ते सडाला लागलं, चुरूचुरू ओढू लागलं, आणि तोंडातला चीक मामीच्या मनगटावरून ओघळला.

"शी, किती गाळतंय मेलं," मामी म्हणाली आणि त्याची मान नीट वर उचलून धरली.